स्पोर्ट्स कारला क्लच हवा की नको? (चोर्ला रोडवर सुरू झालेलं भांडण)

उद्यमबागकर | रविवार, रात्री ९:५०

मंडळी, राम राम. आमच्या घरात आठ दिवस एकच भांडण चाललंय, ते इथं आणून टाकतो. घरात निवाडा व्हायचा नाही, कारण सौ.च्या मते आम्ही दोघंही वेडे आहोत.

झालं असं. पुतण्या पुण्याहून आला तो मित्राची बीएमडब्ल्यू एम२ घेऊन. ४६० हॉर्सपॉवर, मागची चाकं ओढणारी, आठ गिअरची ऑटोमॅटिक. "काका, बसा," म्हणाला. बेळगावहून चोर्ला रोडनं निघालो, किणये मागं टाकलं, कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल ओलांडला, जांबोटीच्या पुढं झाडीत रस्ता जरा मोकळा मिळाला आणि त्यानं पाय दाबला. गाडी काय पळाली ते सांगत बसत नाही. पण माझं सगळं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडं. तो हात सबंध रस्ताभर मांडीवर! लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढपाची वाट बघत बसल्यासारखा.

गिअर पडत होते ते कानाला कळत होते, कमरेला नाही. मी तीस वर्षं उद्यमबागेत हॉबिंग मशीनवर गिअर कापतोय, ट्रॅक्टरचे आणि पंपांचे. दोन गिअर एकमेकांत बसताना जरा तरी कुरबुर व्हावी, नाहीतर मला चुकल्यासारखं होतं.

कणकुंबीला चहा घेताना मी एवढंच म्हणालो, "ह्यात मॅन्युअल मिळते म्हणे. मग मित्रानं ही का घेतली?" झालं. पोरगं सुटलंच. "मॅन्युअल मेलं, काका. फेरारीनं सोडलं, लॅम्बोर्गिनीनं सोडलं, तुम्ही कशाला कवटाळून बसलाय?"

तर जाणकारांनो, मेलं का खरंच? माझी स्वतःची गाडी वीस वर्षांची मॅन्युअल सेडान. नाव सांगत नाही, कारण पुढं तिची तक्रार येणार आहे.

चंदगडी | रविवार, रात्री १०:०२

मेलं असेल तर तेराव्याला कुंदा पाठवा की. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निपाणी एक्सप्रेस | रविवार, रात्री १०:३१

पुतण्याच्या बाजूनं पहिलं मत माझं.

भावना बाजूला ठेवून आकडे बघा. पोर्शे ९११ जीटी३ (९९२ पिढी) दोन्ही गिअरपेट्यांत (मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक) मिळते. कंपनीचेच आकडे: शून्य ते शंभर, पीडीके (म्हणजे पोर्शेची ऑटोमॅटिक) ३.४ सेकंद, मॅन्युअल ३.९. तेच इंजिन, तेच टायर, वर मॅन्युअलची गाडी १७ किलोनं हलकी. तरी अर्धा सेकंद मागं. काकांनी बघितलेल्या एम२ मध्ये फरक कमी आहे, ४.१ आणि ४.३, पण हरतं मॅन्युअलच.

आणि हे काल-परवाचं नाही. १९८९ साली फेरारीनं फॉर्म्युला वनला स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलणारी ६४० ही गाडी उतरवली. पेटी इतकी कच्ची की ब्राझीलची पहिली शर्यत ती पूर्ण करील याचा संघालाच भरवसा नव्हता. नायजेल मॅन्सेलनं ती जिंकली. पुढं काही वर्षांत सगळ्यांनी तेच केलं. १९९७ ला ती पाती एफ३५५ मधून रस्त्यावर आली. कॅलिफोर्निया या मॉडेलनंतर फेरारीनं क्लचचा पेडल दिलेला नाही. जी कंपनी रेसिंगवर जगते तिला कळत नसेल आणि आम्हाला बेळगावात बसून कळतंय, असं कसं?

डबल क्लच | रविवार, रात्री ११:१५

निपाणीकर, शर्यत जिंकायची असेल तर तुमचं बरोबर. मी शर्यत जिंकत नाही. शनिवारी संध्याकाळी खानापूरहून घरी येतो.

माझे वडील ट्रक चालवायचे. खानापूरची कौलं भरून अनमोड घाटानं गोव्याला, येताना मिळेल तो माल. त्या पेटीला सिंक्रो (गिअरांचे वेग आपोआप जुळवणाऱ्या रिंगा) नव्हते. खालचा गिअर घालायचा तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक ठोसा द्या, परत क्लच दाबा आणि मग गिअर. हे सगळं उतारावर, दहा टन मागून ढकलत असताना, एका वळणाच्या आत. चुकलं तर गिअर बसतच नाही, गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

डॅशबोर्डवरचा काटा त्यांनी कधी बघितला नाही. इंजिनाच्या आवाजावर चालायचं. मी पंधरा वर्षांचा असताना रामनगरच्या सरळ रस्त्यावर पहिल्यांदा ट्रक हातात दिला. दात वाजले की मानेवर चापट, आणि "घोड्याचे दात मोजतोस काय रे?" तिसऱ्या दिवशी एकदा, एकदाच, काहीही आवाज न होता गिअर आत गेला. लोण्यात सुरी. ते काही बोलले नाहीत, बिडी पेटवली.

आज माझ्याकडं छोटी मॅन्युअल गाडी आहे, गरज नाही तरी उतारावर तसंच दोनदा क्लच दाबून डबल क्लच करतो. बायको विचारते पायाला काय झालंय.

अनगोळची आक्का | सोमवार, सकाळी ७:२०

पुरुषमंडळी क्लचवर कविता करतायत, तेवढ्यात मी माझ्या गुडघ्याचं सांगते.

२०१९ ला डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्याआधी अठरा वर्षं मॅन्युअल चालवली, आणि चांगली चालवली. राणी चन्नम्मा चौकात संध्याकाळी सहाला, पहिला-न्यूट्रल-पहिला असं वीस मिनिटं करून बघा, मग गप्पा मारू. डॉक्टरनी सांगितलं क्लच बंद. गाडी बंद असं सांगितलं नाही. म्हणून ड्युअल क्लचची (क्लचचा पेडल नाही, गिअर आपोआप पडतात) जरा तिखट हॅचबॅक घेतली. आंबोलीच्या वळणांवर ती माझ्या हातात जी पळते, तिला कुणी "खरी ड्रायव्हिंग नव्हे" म्हटलं तर त्याला मी गाडीत घालून नेईन. ज्यांचा डावा पाय चालत नाही, किंवा नाहीच, त्यांनी स्पोर्ट्स कारची हौस करायची नाही असा कायदा आहे काय? पुतण्यानं हा मुद्दा मांडायला हवा होता. तो सेकंदांत अडकला.

पण ड्युअल क्लचची आरतीही ओवाळणार नाही. पहिल्या गाडीत (कंपनीचं नाव घेत नाही) कोरड्या क्लचची सात गिअरची पेटी होती. जुलैचा रविवार, आंबोलीच्या धबधब्याआधी दोन किलोमीटर रांग, चढ. सगळे इंच-इंच पुढं सरकतायत, मीही ब्रेक जरा सैल करून गाडी आपणहून रांगू देतेय. अर्ध्या तासानं पडद्यावर पेटी तापल्याचा इशारा, जळका वास, आणि गाडी जागेवर थरथरायला लागली. मागून हॉर्न. धुक्यात, पावसात, बोनेट उघडून उभी मी. सर्व्हिसवाल्यानं नंतर काय सांगितलं? "मॅडम, चालवायची पद्धत चुकली." तेव्हा संताप आला होता. आता वाटतं अर्धं तरी खरं होतं, पण गाडी विकताना का नाही सांगितलंत?

उद्यमबागकर | सोमवार, सकाळी ८:०५

आक्का, नमस्कार. मुद्दा मान्य, पुतण्याला वाचून दाखवला.

तुमच्या पेटीचं काय झालं ते कारखान्याच्या भाषेत सांगतो. ड्युअल क्लच म्हणजे एका घरात दोन मॅन्युअल पेट्या. एक शाफ्ट पोकळ, दुसरा त्याच्या आतून जातो. एका क्लचवर १-३-५-७, दुसऱ्यावर २-४-६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच घालून तयार असतो, फक्त क्लचची अदलाबदल. म्हणून तो झटका नाही. पण सुटताना क्लच घासावाच लागतो, आपण पायानं अर्धा धरतो तसाच. कोरड्या क्लचला उष्णता वाहून न्यायला तेल नाही. चढावर रांगत राहिलात की तो सतत अर्धा धरलेला. त्यामुळं पुढच्या गाडीला दहा फूट जाऊ द्यायचं, मग एकदाच सोडून पुढं जायचं आणि पूर्ण ब्रेक दाबून थांबायचं. आपला मॅन्युअलवाला शहाणा ड्रायव्हर तरी दुसरं काय करतो?

स्टुटगार्टवासी | सोमवार, दुपारी २:४०

मूळ शहापूरचा, हल्ली इकडं. धागा वाचून राहवलं नाही.

निपाणी एक्सप्रेसनं जीटी३ चे आकडे दिले, पण त्याच गाडीची निम्मी गोष्ट सांगितली. २०१३ ला जीटी३ आली ती फक्त पीडीके घेऊन. कंपनीचं म्हणणं हेच की ही ट्रॅकची गाडी, वेगवान पेटी तीच. गिऱ्हाइकांनी एवढा आरडाओरडा केला की २०१६ ला ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, मोजून ९९१ गाड्या. त्या दुसऱ्या हातात जाताना मूळ किमतीच्या कितीतरी वर विकल्या गेल्या. २०१७ ला जीटी३ मध्ये सहा गिअरची मॅन्युअल परत. २०२३ ला ९११ एस/टी, तीही फक्त मॅन्युअल. म्हणजे अर्धा सेकंद हळू आहे हे माहीत असून लोक रांग लावतात.

टोयोटाचं बघा. २०१९ ची जीआर सुप्रा नुसत्या ऑटोमॅटिकवर आली, २०२२ ला मॅन्युअल द्यावी लागली. आणि जीआर यारिस उलटी: आधी फक्त मॅन्युअल, २०२४ ला आठ गिअरची ऑटोमॅटिकही. दोन्ही दारांवर गिऱ्हाईक उभं आहे.

मग कंपन्या मॅन्युअल का टाळतात? प्रत्येक पेटीची वेगळी चाचणी, वेगळी मंजुरी, वेगळं सॉफ्टवेअर, आणि घेणारे थोडे. रहदारीत आपोआप थांबून परत सुटणारी क्रूझ कंट्रोल तीन पेडलांवर नीट चालत नाही. आणि टॉर्क. एम२ ची नवी ४८० हॉर्सपॉवरची गाडी ऑटोमॅटिकला ६०० न्यूटन-मीटर देते, मॅन्युअलला ५५० वरच थांबवलीय.

अजून एक गोष्ट टर्बोची. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना पाय उचलावा लागतो, थ्रॉटल बंद होतो, टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब पडतो, परत भरायला क्षण जातो. ऑटोमॅटिकमध्ये पाय उचलावा लागत नाही, ती इंजिनाची ताकद क्षणभर छाटते आणि दाब टिकवते. म्हणून टर्बो आल्यापासून मॅन्युअलचा तोटा आणखी दिसायला लागला. जीटी३ चं इंजिन बिनटर्बोचं, ९००० आरपीएमपर्यंत ओरडणारं. तिथं मॅन्युअलची मजा टिकून राहिली यात नवल नाही.

चंदगडी | सोमवार, दुपारी ३:०१

आम्ही तिलारी घाट पहिल्या गिअरात उतरतो. तेवढी तुमची पीडीके करते काय?

निपाणी एक्सप्रेस | सोमवार, दुपारी ३:१२

करते. पात्यानं पहिला घाला आणि धरून ठेवा. इंजिनाला झेपत नसेल तर घालूच देत नाही. मॅन्युअलमध्ये पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा घातला की इंजिन कारखान्यात. मी एकाचं बघितलंय, तवंदी घाटात. वाल्व वाकले होते.

स्टुटगार्टकरांचा टर्बोचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, धन्यवाद. आणि ९११ आर लोकांनी चालवायला घेतली की कपाटात ठेवायला? महाग विकली गेली म्हणजे चांगली, असं नाही होत.

डबल क्लच | सोमवार, सायंकाळी ६:३०

हे मान्य. कपाटातली गाडी म्हणजे माळ्यावरची तलवार.

पण मला एक सांगा. हल्लीच्या मॅन्युअलमध्ये खालचा गिअर घालताना इंजिन स्वतःच आरपीएम वाढवून देतं. निसाननं २००८ ला ३७०झेड मध्ये पहिल्यांदा आणलं, आता बऱ्याच गाड्यांत आहे. म्हणजे वडिलांची जी चापट मी खाल्ली ती आता संगणक खातो. मग त्या मॅन्युअलमध्ये मॅन्युअल उरलं किती?

स्टुटगार्टवासी | सोमवार, सायंकाळी ६:५५

बटण असतं, बंद करता येतं. जीटी३ मध्ये तर नक्कीच. बंद करा, टाच-पंजा करा (एकाच पायानं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर), आणि चुकलात की मानेवर स्वतःच मारून घ्या.

अनगोळची आक्का | सोमवार, रात्री ९:१०

आणि आपल्याकडं मिळतं काय, हे कुणी बोलतच नाही. ९११ आर कुणी पिरनवाडीच्या स्पीडब्रेकरवरून नेणार आहे का?

गोल्फ जीटीआय २०२५ ला मोजक्या संख्येनं आली, फक्त डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनची ड्युअल क्लच. मस्टँग इथं विकली तेव्हा ऑटोमॅटिकच. एम२ मॅन्युअल मिळते पण कोटीच्या घरात, वर कर्नाटकाचा रोड टॅक्स. वीस लाखांच्या वर १८ टक्के! त्या टॅक्सच्या पैशांत आमच्या गल्लीतली दोन घरं रंगवून होतील. सामान्याला परवडणारं म्हणाल तर व्हर्टस जीटीचं दीड लिटरचं इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये, आणि आय२० एन लाइन. त्या स्पोर्ट्स कार नव्हेत, पण चोर्ल्याच्या रस्त्याला पुरून उरतात.

उद्यमबागकर | मंगळवार, सकाळी ७:४५

आक्का म्हणतात ते खरं. तरी एक गंमत राहिली, ती सांगतो. पुतण्याला वाटत होतं एम२ मध्ये ड्युअल क्लच आहे. नाही. आधीच्या एम२ ला होती. नव्या एम गाड्यांनी ती सोडली आणि टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाची ताकद तेलातून पुढं देणारी), आपल्या आजोबांच्या काळापासूनची ऑटोमॅटिक, घेतली. झेडएफ कंपनीची आठ गिअरची. आत चार ग्रहमाला: मध्ये सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कडं. पाच क्लच-ब्रेक, कुठल्याही गिअरात तीन धरलेले, दोन सोडलेले. गिअर बदलायचा म्हणजे एक सोडायचा, एक धरायचा. कन्व्हर्टरमध्ये तेल असल्यामुळं चढावर रांगली तरी आक्कांसारखा वास येत नाही, आणि सुटल्यावर आतला क्लच कुलूप घालून तेलाची घसरण बंद करतो. जिला सगळे ढिली, आळशी म्हणून हसत होते तिनंच ड्युअल क्लचला घराबाहेर काढलं. हे ड्रॉइंग बघून मी चहा थंड केला. असं काम कुणी केलं तर त्याच्यापुढं टोपी काढतो. पण तो गिअर पाडायला मी लागत नाही, हेही तितकंच.

रविवारी पुतण्या परत येतोय. एक प्रयोग करणार आहे.

चंदगडी | मंगळवार, सकाळी ८:१०

१९५६ पासून एक वाद सुटंना झालाय, तुम्ही दुसरा काढला. चालू दे की.

निपाणी एक्सप्रेस | शुक्रवार, रात्री १०:२०

रविवारच्या आधी एक काडी टाकून जातो. ह्युंदाईची आयोनिक ५ एन, परदेशात मिळते. इलेक्ट्रिक. गिअर लागतच नाहीत. तरी त्यांनी खोटे आठ गिअर घातलेत: पाती ओढा, मोटर झटका देते, स्पीकरमधून आवाज येतो, रेडलाइनला (इंजिनाच्या वेगाच्या वरच्या मर्यादेला) अडकतेसुद्धा. चालवणारे म्हणतात मजा येते. आता बोला. गिअर नसलेल्या गाडीला माणसं गिअर मागतात. माझाच मुद्दा मला आडवा येतोय, पण लिहायचं प्रामाणिकपणे.

उद्यमबागकर | रविवार, रात्री ८:३५

प्रयोग झाला. सांगतो.

जांबोटीला गाड्या बदलल्या. पुतण्या माझ्या म्हाताऱ्या सेडानमध्ये, मी एम२ मध्ये. अट एकच, कणकुंबीपर्यंत थांबायचं नाही.

आधी माझं. पाती वापरून चालवली. पहिली पाच मिनिटं डावा हात सारखा खाली जात होता, तिथं दांडा आहे पण पाती असताना त्याचं काही काम नाही. मग धुकं लागलं. एका वळणावर समोर खडी भरलेला टिपर, ब्रेक लाइटशिवाय. मी ब्रेक दाबला, आणि पात्याकडं बोट जायच्या आत पेटीनं स्वतःच दोन गिअर खाली घेतले, इंजिन मागून आवळलं, गाडी सरळ रेषेत बसली. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. माझ्या गाडीत हे करताना एक हात दांड्यावर असता. हे कबूल करायला जीभ अडखळते, पण त्या क्षणी मला ती पेटी आवडली.

आता पुतण्याचं. जांबोटीच्या चौकातच दोनदा बंद पडली. एसटीवाला हसला. पुढं आरशात बघत होतो: गाडी दर वळणाआधी दचकत होती. कणकुंबीला पोचला तेव्हा एसी चालू असून शर्ट ओला. चहा घेतला, मिरची भजी घेतली, बोलला नाही. मला वाटलं जिंकलो.

परत निघताना एम२ ची किल्ली त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं ती माझ्याकडं सरकवली आणि सेडानची घेतली. म्हणाला, "कुसमळीच्या आधी ते डावं वळण आहे ना, तिथं तिसरा बरोबर गेला पाहिजे एकदा." गेला का ते विचारलं नाही. पुलाशी गाडी उभी करून उतरला तेव्हा हसत होता.

किंमत मात्र मी मोजतोय. तिसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग आधीच झिजली होती, ही ती तक्रार. पितळी रिंगेच्या आतल्या बाजूला नखाला लागतील अशा बारीक खाचा असतात, त्या तेल कापून कोन धरतात. खाचा गुळगुळीत झाल्या की रिंग घसरते, गिअरचा वेग जुळत नाही आणि करकर. पोरानं आज एवढी करकर केलीय की आता टाळता येत नाही. रिंग मागवलीय. प्रेस माझ्याकडं आहे, पेटी खाली घ्यायला माणूस हवा.

डबल क्लच | रविवार, रात्री ८:५०

शनिवारी दुपारी येतो. पेटी उतरवायच्या आधी तेल काढून ठेवा, मागच्या वेळी माझ्या शर्टवर सांडलं होतं.

अनगोळची आक्का | रविवार, रात्री ९:०५

काढलेली जुनी रिंग टाकू नका. बघायचीय मला. भजी कुणाकडं खाल्लीत?

उद्यमबागकर | रविवार, रात्री ९:१२

स्टँडसमोर, निळ्या ताडपत्रीची टपरी. रिंग ठेवतो. डबल क्लच, येताना पंधरा-सतराचा पाना आण, माझा पुतण्यानं पुण्याला नेलाय.